सापशिडीचा पट टर्मिनलवर: एका विस्कटलेल्या जाळीचं प्रकरण

प्रकरण लातूरचं आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, मूळची उदगीर तालुक्यातली, सी प्लस प्लसच्या प्रॅक्टिकलसाठी कन्सोलवर चालणारी सापशिडी करत होती. ग्राफिक्स नाही, माऊस नाही. काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांनी आखलेला शंभर घरांचा पट, दोन सोंगट्या आणि एक फासा. कॉलेजच्या लॅबमध्ये पट छान दिसत होता. परीक्षेचं केंद्र मात्र दुसऱ्या कॉलेजात होतं आणि तिथल्या मशीनवर उबुंटू (लिनक्स) होतं. आधी एकदा चालवून बघायची मुभा होती, म्हणून ती पेनड्राईव्ह घेऊन गेली. तिथे पटाचं जे काही झालं त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो तिने संध्याकाळी माझ्यापुढे धरला. म्हणाली, "सर, कंपाईल तर होतंय की. एररबी नाही, वॉर्निंगबी नाही. मग हे काय आलंय?"

मी इथे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. रेघा बिघडल्याची तक्रार दरवर्षी येते आणि बहुतेक वेळा "फॉन्टचा प्रॉब्लेम आहे" म्हणून सोडून दिली जाते. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण अक्षरांनी जाळी काढताना जे जे बिघडू शकतं ते जवळपास सगळं या एका पटात सापडलं. आणि सगळ्यांचं मूळ एकच होतं: मेमरीतले बाईट (० ते २५५ मधले आकडे), आपण वाचतो ती अक्षरं आणि पडद्यावर अडणारी जागा या तीन वेगवेगळ्या मोजण्या आहेत. टर्बो सी या लॅबमधल्या जुन्या कंपायलरच्या निळ्या पडद्यावर तिन्हींचं उत्तर एकच येतं. त्यामुळे मुलांना त्या वेगळ्या आहेत हे कळायची वेळच येत नाही.

फोटोत काय होतं

आकडे जागच्या जागी होते. रेघांच्या जागी मात्र तिरक्या काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह, ओळीच्या ओळी. केंद्रावर तिला कुणीतरी वेगळा फॉन्ट टाकायला सांगितलं होतं. ते कारण तिथेच बाद होत होतं. फॉन्टमध्ये अक्षराचं चित्र नसेल तर सहसा रिकामी चौकट येते. हे प्रश्नचिन्ह टर्मिनल, म्हणजे अक्षरं दाखवणारी ती काळी खिडकी, स्वतः काढतं, आलेले बाईट वाचताच आले नाहीत तेव्हा.

पण मला जास्त मोलाची वाटली ती फोटोतली उजवी कड. आकडे असलेल्या ओळी जिथे संपायला हव्या होत्या तिथेच संपत होत्या. आडव्या रेघांच्या ओळी मात्र एक जागा आधीच संपत होत्या आणि त्यांच्या टोकाला प्रश्नचिन्हाऐवजी एक खरंखुरं अक्षर होतं. सगळ्यात वरच्या रेघेच्या टोकाला पोटात टिंब असलेला रोमन एल. मधल्या नऊही रेघांच्या टोकाला डोक्यावर टोपी असलेला जे. तळाची रेघ तेवढी पूर्ण लांबीची, नुसत्या प्रश्नचिन्हांची. मी तिला म्हटलं, "अगं, उत्तर या कडेलाच आहे. तुझ्या प्रोग्रॅममध्ये रेघेसाठी १९६ आकडा आहे ना?" होता. सिनियरच्या जर्नलमधून आला होता.

१९६ हा आकडा १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या अक्षरसंचातला आहे, ज्याला कोड पेज ४३७ म्हणतात. त्यात एकूण २५६ चिन्हं, प्रत्येकाला एक बाईट. आडवी रेघ १९६, उभी १७९. चार कोपरे २१८, १९१, १९२, २१७. रेघा जिथे एकमेकींना मिळतात त्या जोडांना १९४, १९३, १९५, १८० आणि मधल्या चौकाला १९७. टर्बो सी प्लस प्लस १९९० साली आलं ते याच डॉसच्या दुनियेत. आपल्याकडच्या लॅबमध्ये ते डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालतं आणि डॉसबॉक्स तोच जुना अक्षरसंच इमानाने दाखवतो. म्हणून तिथे १९६ छापलं की रेघ दिसते.

उबुंटूचं टर्मिनल यूटीएफ-८ वाचतं. युनिकोड सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देतं आणि ते क्रमांक बाईटमध्ये लिहायची ही एक पद्धत. त्याचा नियम असा, की १२७ पर्यंतचा बाईट एकटा उभा राहू शकतो, त्यापुढचा नाही. १९४ ते २२३ मधला बाईट आला तर तो दोन बाईटच्या अक्षराची सुरुवात असतो आणि त्याच्या मागून १२८ ते १९१ मधलाच बाईट यावा लागतो. १९६ आला, टर्मिनल पुढच्या बाईटची वाट बघायला लागलं, तर मागून पुन्हा १९६. तो चालत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह. असं रेघभर. वरच्या रेघेच्या टोकाला मात्र शेवटच्या १९६ च्या मागे उजवा कोपरा येतो, १९१. हा नेमका चालणारा बाईट आहे! दोघांची जोडी जमली आणि त्यातून युनिकोडमधलं ३१९ क्रमांकाचं अक्षर तयार झालं: टिंबवाला एल. मधल्या रेघांच्या टोकाला १८० असतो. १९६ आणि १८० मिळून ३०८, म्हणजे टोपीवाला जे. दोन बाईटचं एक अक्षर झाल्यामुळे ती ओळ एका जागेने आखूड. तळाच्या रेघेचा शेवट २१७ ने होतो. तो मागून येणाऱ्या बाईटमध्ये बसत नाही, म्हणून तिथे जोडी जमली नाही आणि लांबीही घटली नाही.

फोटोतली प्रत्येक खूण या हिशोबात बसली. प्रोग्रॅमच्या तर्कात चूक नाही, कंपायलरला तक्रार करायला जागाच नाही. एक बाईट छापायला सांगितला, त्याने छापला. आयओस्ट्रीमचं हेडर नवं केलं आणि पडदा पुसायची ओळ काढली की टर्बोचा प्रोग्रॅम लिनक्सवर जातो, असं सिनियर सांगतात. कंपाईल होण्यापुरतं ते खरं आहे.

रेघ बदलली, आकडा आला

दुसऱ्या दिवशी तिने इंटरनेटवरून युनिकोडची आडवी रेघ कॉपी केली आणि १९६ च्या जागी एकेरी अवतरणचिन्हांत टाकली. आता प्रत्येक रेघेच्या जागी १४८४९१५२ असा आठ अंकी आकडा छापून आला. हा आकडा वेडावाकडा दिसतो, पण उलगडून बघण्यासारखा आहे. युनिकोडची ही रेघ यूटीएफ-८ मध्ये तीन बाईट घेते: २२६, १४८, १२८. एकेरी अवतरणात एकच बाईट मावतो. तीन कोंबले तर जीसीसी कंपायलर ते एकापुढे एक रचून त्यांचा एक पूर्णांक करतो. २२६ गुणिले ६५५३६, अधिक १४८ गुणिले २५६, अधिक १२८. करून बघा, हाच आकडा येतो. या वेळी कंपायलरने वॉर्निंग दिली होती, पण ती वर सरकून गेली होती. रेघ दुहेरी अवतरणात, म्हणजे स्ट्रिंग (अक्षरांची माळ) म्हणून ठेवली आणि उबुंटूवर पट सरळ उभा राहिला.

मग भावाच्या विंडोज लॅपटॉपवर तो पुन्हा मोडला. त्या कन्सोलचं कोड पेज होतं ४३७. त्याने तेच तीन बाईट तीन वेगळी चिन्हं म्हणून वाचले: २२६ चा ग्रीक गॅमा, १४८ चा दोन टिंबांचा ओ, १२८ चा शेपटीवाला सी. रेघा तिप्पट लांब झाल्या. जुना आकडा नव्या टर्मिनलवर आणि नवी रेघ जुन्या कन्सोलवर, दोन्हीकडून एकाच भिंतीला धडक. सीएचसीपी ६५००१ (chcp 65001) ही आज्ञा देऊन कन्सोलला यूटीएफ-८ वर आणता येतं आणि लॅपटॉपवर ते झालंही.

तरीही परीक्षेसाठी मी तिला साध्या अधिक, वजा आणि उभ्या दांडीचीच जाळी घ्यायला लावली. ही तिन्ही चिन्हं १२७ च्या आतली आहेत, त्यामुळे टर्बो, उबुंटू, विंडोज सगळीकडे एक बाईट, एक अक्षर, एक जागा. परक्या मशीनवर, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) शेजारी उभे असताना कोड पेज बदलत बसणं कुणाच्याच हिताचं नाही. सुंदर रेघांची आवड तिने सोडली नाही, सोडायचं कारणही नव्हतं. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला रेघांचे दोन संच ठेवले, साधा आणि युनिकोडचा. ठरलेला असतो तो साधा, मागितला तरच दुसरा. जाळी काढणारं फंक्शन कोणता संच आहे हे विचारत नाही, हातात दिलेली चिन्हं वापरतं.

घराची रुंदी

रेघा जाग्यावर आल्यावर एक जुनी खोट उघडी पडली. ती लॅबमध्येही होती, पण रिकामा पट दाखवायची सवय असल्यामुळे कुणाच्या नजरेत आली नव्हती. सोंगटी घरात आली की त्या रांगेचा उजवा भाग सरकायचा, कारण सोंगटीचं चिन्ह आकड्याच्या मागे चिकटवलं जात होतं आणि घर तेवढं फुगत होतं. तिने छापताना रुंदी ठरवणारं सेटडब्ल्यू वापरलं होतं. पण सेटडब्ल्यू कमीत कमी रुंदी सांगतं. मजकूर त्याहून लांब असेल तर तो कापत नाही, आणि एकदा छापलं की त्याचा परिणाम संपतो.

इथे आम्ही कोड बंद करून वही घेतली. टर्मिनलमधल्या एका अक्षराची जागा रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असते. घर आतून तीन अक्षरं रुंद धरलं, तर एक दांडी धरून चार कॉलम होतात. उंचीला आकड्याची एक ओळ आणि रेघेची एक, म्हणजे दोन ओळी. चार कॉलम आणि दोन ओळी डोळ्यांना जवळपास चौरस दिसतात. शिवाय १०० हा सगळ्यात मोठा आकडा तीन अक्षरांत नेमका बसतो. दहा घरांना अकरा दांड्या लागतात, दहा नव्हे. म्हणून रुंदी चार गुणिले दहा अधिक एक, ४१ कॉलम. उंची दोन गुणिले दहा अधिक एक, २१ ओळी. टर्मिनल बहुतेक वेळा ८० कॉलम आणि २४ ओळींचं उघडतं. खाली तीन ओळी उरतात, फासा आणि निरोप दाखवायला पुरेशा. आकड्याच्या वरखाली एकेक मोकळी ओळ सोडली असती तर उंची ४१ झाली असती आणि पटाचा माथा पडद्याबाहेर गेला असता.

वरचा डावा कोपरा असा दिसतो. इथे अंक देवनागरीत दिले आहेत, प्रोग्रॅम इंग्रजी अंक छापतो.

+---+---+---+
|१००| ९९| ९८|
+---+---+---+
| ८१| ८२| ८३|
+---+---+---+

मग एक छोटं फंक्शन लिहिलं, ज्याचं काम एवढंच की घराचा क्रमांक घ्यायचा आणि बरोब्बर तीन अक्षरांची स्ट्रिंग परत द्यायची. घर रिकामं असेल तर आकडा उजवीकडे सरकवून. एक सोंगटी असेल तर तिचं चिन्ह मधोमध. दोन्ही सोंगट्या एकाच घरात असतील तर एक डाव्या टोकाला, एक उजव्या, मध्ये मोकळी जागा. परत देण्याआधी लांबी तीनच आहे ना, हे तपासायचं. त्यानंतर रांग कधी हलली नाही.

३७ वरची सोंगटी ३४ वर

सापशिडीचे आकडे शेतातल्या नांगरासारखे चालतात: एका तासाला, म्हणजे नांगराच्या एका रेघेला, डावीकडून उजवीकडे, धुऱ्याला वळून पुढच्या तासाला उजवीकडून डावीकडे. हा पट आपल्याकडे मोक्षपट म्हणून जुना आहे, आणि परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. पैठणजवळचं आपेगाव त्यांचं जन्मगाव मानलं जातं. मुलीने हाच खेळ निवडला याचं मला म्हणूनही बरं वाटलं.

तिच्या प्रोग्रॅममध्ये आकडे छापताना वळण बरोबर घेतलं होतं. सोंगटीची जागा मात्र दुसऱ्या एका सूत्राने काढली होती आणि त्यात वळण नव्हतं. सोंगटी ३७ वर आहे असं खाली लिहून यायचं आणि दिसायची ३४ च्या घरात. त्या रांगेत ३१ ते ४० उजवीकडून डावीकडे आहेत, त्यामुळे न वळलेला ३७ आरशातल्यासारखा पलीकडे पडतो. ३७ आणि ३४ मिळून ७१ होतात, ३१ आणि ४० मिळूनही ७१. खऱ्या आणि चुकीच्या जागेची बेरीज अशी जुळली की उलटं मोजलं गेलंय हे लगेच ओळखावं.

सूत्र अवघड नाही. क्रमांकातून एक वजा करा. दहाने भागून येणारा भागाकार ही खालून मोजलेली रांग, बाकी हा कॉलम. रांग विषम असेल तर कॉलम नऊमधून वजा करा. ३७ साठी ३६, म्हणजे रांग ३, बाकी ६, वळवल्यावर कॉलम ३. दोन्ही शून्यापासून मोजलेले.

पण सूत्र दुरुस्त करून थांबणं मला पुरेसं वाटलं नाही. दोन ठिकाणी दोन सूत्रं असणं हाच खरा बिघाड होता. आता सोंगटी म्हणजे प्रोग्रॅमसाठी फक्त एक आकडा, १ ते १००. साप आणि शिड्या म्हणजे एक अ‍ॅरे: या घरावर आलात तर त्या घरावर जा. यात कुठेही रांग नाही, कॉलम नाही. पट छापणारं लूप वरून खाली, डावीकडून उजवीकडे जातं, प्रत्येक जागी तिथे कोणता क्रमांक येतो हे एकाच फंक्शनला विचारतं, आणि तो क्रमांक एखाद्या सोंगटीचा आहे का एवढं बघतं. सोंगटी चुकीच्या घरात दिसायला आता वाटच उरली नाही.

पूर्ण पट आधी एका स्ट्रिंगमध्ये जमवून एकदाच छापला. साध्या चिन्हांचा पट, ओळ संपल्याची खूण धरून, ४२ गुणिले २१ म्हणजे ८८२ बाईट. आधी प्रत्येक ओळीला एंडएल (ओळ संपवून ती लगेच पडद्यावर ढकलणारी सूचना) असल्यामुळे पडदा लुकलुकायचा, तो थांबला.

मराठी कुठे ठेवायचं

खेळ मराठीत बोलायला हवा हा तिचा हट्ट होता आणि मला तो मनापासून पटला. सापाच्या घरात "साप" लिहून बघितलं तेव्हा जाळी पुन्हा ढासळली. साप या शब्दात युनिकोडचे तीन कोड आहेत: स, काना आणि प. बाईट नऊ. शिडीत चार कोड, बारा बाईट. सेटडब्ल्यू बाईट मोजतं. दहाची रुंदी सांगितली तर "साप"पुढे एक मोकळी जागा देतं आणि "शिडी"पुढे एकही नाही, आपल्या डोळ्यांना मात्र दोन्ही शब्द दोनच अक्षरांचे. काना-वेलांटीला वेगळी जागा द्यायची की आधीच्या अक्षरातच बसवायची, हेही टर्मिनलागणिक बदलतं. आपल्या बाजूने कितीही काटेकोर मोजलं तरी दुसऱ्या मशीनवर ते हलू शकतं.

म्हणून ठरवलं की जाळीच्या आत एक बाईट म्हणजे एक जागा अशीच चिन्हं. मराठी मजकूर जाळीच्या खाली, ओळीच्या सुरुवातीपासून, आणि त्या ओळीत त्याच्या उजवीकडे काहीही जुळवून ठेवायचं नाही. उजवीकडे काही नसेल तर शब्दाने किती जागा घेतली याने काही बिघडत नाही. "तुम्ही सापाच्या तोंडी आलात, ९७ वरून ७८ वर" हे वाक्य तिथे पूर्ण आणि नीट दिसतं.

साप आणि शिड्या पटावर तिरप्या काढायचा मोहही तिला झाला होता. ४१ बाय २१ च्या जाळीत तिरप्या रेघा आकड्यांवर चढतात आणि काहीच वाचता येत नाही. पटाच्या उजवीकडे ३९ कॉलम मोकळे होते. तिथे सापांची यादी आणि तिच्या खाली शिड्यांची यादी दिली, नुसत्या आकड्यांची. हे मला चित्रापेक्षा चांगलं वाटतं, कारण खेळणारा फासा टाकायच्या आधी पुढचा साप किती घरांवर आहे ते मोजू शकतो.

परीक्षेत प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला. एक्स्टर्नल सरांनी खेळून बघितलं आणि पट नऊ बाय नऊ करून दाखवायला सांगितलं. तिने आकाराचा एकच स्थिरांक बदलला. ३७ कॉलम, १९ ओळींचा पट आला. रांगा विषम झाल्यामुळे सगळ्यात वरची रांग आता डावीकडून उजवीकडे गेली, ७३ पासून ८१ पर्यंत, आणि शेवटचं घर उजव्या कोपऱ्यात गेलं. रांग खालून मोजत असल्यामुळे वळण आपोआप बरोबर पडलं. उजवीकडच्या यादीत मात्र ९७ चा साप तसाच राहिला होता, पटावर ते घरच नसताना. सरांनी त्यावर बोट ठेवलं. यादी छापताना शेवटच्या घरापेक्षा मोठा क्रमांक गाळायची अट तिने तिथेच बसून लिहिली.